शेवटचा घोट झाडाचा

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोरच्या चौकात पोचलो, तेव्हा मेस्कीट या बाभळीसारख्या वाळवंटी जातीचं एक झाड आडवं पडलेलं होतं. पडताना त्याने एक बाक आणि सायकलींचा स्टँड चपटा केला होता. पण माझं लक्ष गेलं ते त्याच्या मुळांकडे. झाडाचा घेर एखाद्या लहान खोलीएवढा, आणि मुळांचा गठ्ठा मात्र मोठ्या कुंडीत मावेल इतका. गोल, दाट, एकमेकांत गुंतलेला. जणू कुणी कुंडीतून उपसून ठेवलंय.

"माझ्या आजीचा अंबाडा याच्यापेक्षा मोठा होता," नॉर्बर्ट म्हणाला.

नॉर्बर्ट अँटोन आमच्या बाग विभागातला. ट्रक, खोदाई, करवती, जे जे आवाज करतं ते सगळं त्याच्याकडे. तो ओओडहॅम, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्याच्या लोकांनी या वाळवंटात मेस्कीटच्या शेंगा दळून खाल्ल्या त्याला किती पिढ्या झाल्या हे कुणी मोजलेलं नाही. विनोद करताना त्याचा चेहरा अजिबात हलत नाही, त्यामुळे नव्या माणसाला हसावं की नाही ते कळत नाही.

आमची मुकादम दोन्या एल्विरा बोहोर्केस. स्पॅनिशमध्ये 'दोन्या' म्हणजे मान देऊन म्हटलेलं 'बाई'. ती मुळांपाशी उकिडवी बसली आणि तिने त्या गठ्ठ्यावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. चौकातली ही पंधरा-वीस झाडं तिने तरुणपणी लावली होती. तेव्हा त्या नुसत्या काड्या होत्या.

"मरायचं वय नव्हतं गं याचं," ती मला म्हणाली.

"हे आजारी नव्हतं, दोन्या एल्विरा. याला उभं राहता येत नव्हतं."

"म्हणजे?"

मी बोट दाखवलं. खोडाच्या अगदी बुंध्याशी ठिबकची नळी होती, रोज सकाळी थोडं थोडं पाणी देणारी. पाणी तिथेच, वरच्या वर. मग मुळंही तिथेच. "घरपोच डबा येतोय तर बाहेर कशाला जाईल कुणी?"

मी मृदाशास्त्रात पदवी घेऊन त्याच वर्षीच्या मे महिन्यात कामाला लागले होते. नाव अरासेली ओचोआ, पण दोन्या एल्विराने पहिल्याच दिवशी त्याचं 'चेली' केलं, आणि नॉर्बर्टने 'शास्त्रज्ञ'. हा शब्द तो इतर लोक 'राजकन्या' म्हणतात त्या सुरात म्हणतो.

तेवढ्यात विभागप्रमुख आले. डेल ऑलरेड उंच, उन्हाने लाल झालेले, हातात कायम बर्फ घातलेल्या चहाचा मोठा प्लास्टिकचा पेला. त्यांनी आधी चपटा झालेला बाक पाहिला. बराच वेळ पाहिला.

"काल संध्याकाळी मी या बाकावर बसून बायकोशी फोनवर बोलत होतो," ते म्हणाले. "वारा सुटला म्हणून उठलो."

त्यांनी मान वर करून बाकीच्या झाडांकडे पाहिलं.

"सगळी काढा," डेल म्हणाले. "पोलादी खांब, वर कापडी छत. खाली प्लास्टिकचं गवत. कापड कुणाच्या डोक्यात पडत नाही."

दोन्या एल्विरा उभी राहिली. तिची उंची डेलच्या खांद्याइतकीही नाही. "डेल, जूनमध्ये त्या प्लास्टिकच्या गवतावर अनवाणी उभे राहा आणि मग बोला माझ्याशी."

"एल्विरा, तो बाक बघा."

"बघितला."

डेल वाईट माणूस नव्हते, ते घाबरले होते, आणि त्यांची भीती खरी होती. म्हणून मी वाद घातला नाही, मुळं दाखवली. बाकीच्या झाडांचीही अशीच असणार हे मान्य केलं. पाण्याची जागा बदलली तर मुळं जागा बदलतात, पण त्यांना वेळ लागतो, हेही सांगितलं.

"किती वेळ?"

"दोन उन्हाळे."

"आणि तोवर?"

"तोवर वादळाच्या दिवसांत चौक दोऱ्या लावून बंद ठेवू. शेवटी तुम्ही तपासणी करा. झाडाला तार बांधून ओढतात, वादळ ओढेल तितक्या जोराने, आणि बुंधा किती कलतो ते यंत्राने मोजतात. पाव अंशाच्या वर कलला तर करवत मी स्वतः आणून देईन."

डेलनी चहाचा घोट घेतला. "झाड मी निवडणार."

"तुम्ही निवडा."

"येत्या नाही, त्यापुढच्या जूनमध्ये. वादळं सुरू व्हायच्या आधी. एक जरी नापास झालं तर सगळी जातील." आणि जाता जाता त्यांनी पडलेल्या झाडाच्या खड्ड्याकडे पाहिलं. "तोवर इथे नमुन्याचा एक खांब उभा करून ठेवतो. लोकांना सवय होऊ दे."

आठवडाभरात खड्डा बुजवून त्यात चकचकीत पोलादी खांब उभा राहिला. वर कापड नव्हतं, काहीच नव्हतं. नुसता खांब. पोरं त्याला सायकली बांधायला लागली.

*

आम्ही कामाला लागलो. ठिबकच्या नळ्या बुंध्यापासून उचलल्या आणि फांद्यांच्या सावलीच्या कडेला नेल्या. रोजचं थोडं थोडं पाणी बंद केलं. महिन्यातून एकदा-दोनदा, पण भरपूर, खोल मुरेल असं. खालच्या फांद्या छाटायच्या थांबवल्या, कारण खालच्या फांद्या कापत गेलं की सगळं वजन शेंड्याला जातं आणि वाऱ्याला धरायला बरोबर तीच जागा मिळते. पानं झाडणारे पंखे शेडमध्ये ठेवून दिले. पाला पडेल तिथे पडू दिला.

चौकाची अवकळा झाली. झाडं केस न विंचरल्यासारखी दिसायला लागली. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी निम्मी पानं गाळली. अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी नॉर्बर्टला थांबवून विचारलं की विभागात माणसं कमी केली आहेत का.

"नाही," नॉर्बर्ट म्हणाला. "आमच्याकडे शास्त्रज्ञ आली आहे."

दोन्या एल्विराने माझं ऐकलं, पण तिला ते पटत नव्हतं. रोज सकाळी ती चौकातून चालत यायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "उपाशी ठेवलंयस गं त्यांना, मिहा." मिहा म्हणजे पोरी.

"भूक लागली की ती शोधायला निघतील."

"माझ्या सासूचंही असंच म्हणणं होतं. म्हणूनच आम्ही वेगळे राहिलो."

एक वर्ष गेलं. ऑक्टोबरात हवा सुसह्य झाल्यावर मी पाहायचं ठरवलं. कुदळीने खणलं तर मुळं तुटतात. म्हणून आम्ही दाबाच्या हवेची बंदूक वापरतो. माती उडून जाते, मुळं जागच्या जागी राहतात. मी पहिल्या झाडाच्या बुंध्याशी माती उडवायला लागले, आणि हातभर खोल जायच्या आधीच थांबले.

माती ओली होती.

आणि त्या ओल्या मातीत कोवळ्या, पांढऱ्या, नव्या मुळांचा झुबका होता. बुंध्याला चिकटून. पुन्हा अंबाडा.

"नळी फुटली असेल," नॉर्बर्ट म्हणाला.

नळी फुटली नव्हती. नळी तिथे नव्हतीच. मी दुसरं झाड उकरलं, तिसरं उकरलं. ग्रंथालयाकडच्या झाडांखाली ओल जास्त, लांबच्या झाडांखाली कमी. पाऊस सगळीकडे सारखा पडला होता, म्हणजे पाऊस नव्हे. जमिनीखालचा पाइप फुटला असता तर ओल खालून वर आली असती. ही वरून खाली गेलेली होती. कुणीतरी पाणी घालत होतं, आणि ग्रंथालयाच्या दाराजवळ जास्त घालत होतं.

मी उरलेल्या एका बाकावर बसून राहिले. कोण घालतंय ते बघायचं होतं.

तास सुटला. दारं उघडली, दोन्ही बाजूंनी पोरं चौकात आली. या गावात पाण्याच्या बाटलीशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. एक मुलगी ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी आली, बाटलीत उरलेलं दोन बोटं पाणी तिने पाहिलं, वळली, आणि झाडाच्या बुंध्याशी ओतून आत गेली. तिच्यामागे एक मुलगा. त्याने ओतलं आणि खोडावर दोनदा थोपटलंही. मग तेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी पेल्यातला बर्फ ओतला. मग तिघीजणी गप्पा मारत आल्या. गप्पा न थांबवता तिघींनी आपापल्या बाटल्या उपड्या केल्या.

मी स्वतः याच विद्यापीठात शिकले आहे. चार वर्षं मीही हेच करत होते. इतकं अंगवळणी पडलेलं की डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. आत जायच्या आधी शेवटचा घोट झाडाचा. नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात जुनी पोरं सांगतात. पाणी टाकून देणं इथे पाप, पण झाडाला घालणं म्हणजे टाकणं नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी एका झाडाच्या बुंध्याशी खडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवला. एका मधल्या सुट्टीत त्यात बादलीभर पाणी जमलं. आणि यंदा झाडं केविलवाणी दिसत होती, म्हणून लोक नेहमीपेक्षा जास्तच ओतत होते.

दुपारी शेडमध्ये जेवायला बसलो, तेव्हा मी हे सांगितलं. दोन्या एल्विराने टॉर्टियाचा तुकडा तोडला, बीन्समध्ये बुडवला, आणि तो तोंडात न घालता तसाच धरून ठेवला.

"मी सुरू केलं ते," ती म्हणाली.

"काय?"

"काड्या होत्या गं त्या. तेव्हा नळ्याही नव्हत्या. मी एकटी, आणि एक बादली. मग जी पोरं जायची त्यांना हाक मारायची, ए सोन्या, अर्धा घोट तू पी, अर्धा याला. प्रत्येक काडीभोवती दगडांचं कडं केलं, म्हणजे पाणी वाहून जाणार नाही." तिने तुकडा ताटलीत ठेवला. "आणि आजही रोज सकाळी थर्मासमधलं उरलेलं पाणी मी खांबाजवळच्या त्या तिरक्या झाडाला घालते. तू बघत नसतेस तेव्हा."

"म्हणजे मी उपाशी ठेवत होते, आणि तुम्ही मागच्या दाराने जेवू घालत होता."

"मी आणि अख्खं विद्यापीठ," ती म्हणाली. आणि मग एकदम डोळे मिचकावून हसली. "एकटी कुठे होते मी?"

नॉर्बर्ट चघळता चघळता म्हणाला, "बिचारं झाड. इतक्या लोकांनी प्रेम केलं तर कुणीही पडेल."

*

मी पाटी लावली. 'कृपया झाडांना पाणी घालू नये. मुळांच्या वाढीसाठी आवश्यक.' खाली मुळांची छोटी आकृतीही काढली, दोन बाणांसकट.

आठवडाभराने ट्रेमध्ये जास्त पाणी होतं. लोक आता पाटीच्या मागच्या बाजूने येऊन घालत होते, आजूबाजूला बघत, खाऊ चोरून दिल्यासारखे. पाटीवर कुणीतरी लिहिलं होतं, 'झाडाला विचारलंत का?'

"पाटी काढ," दोन्या एल्विरा म्हणाली. "तहानलेल्याला पाणी देऊ नका असं या गावात पाद्रीही सांगू शकणार नाही."

"मग काय करायचं? आठ महिने राहिले आहेत."

तिने पाटी उपटून माझ्या हातात दिली. मी पुन्हा बाकावर जाऊन बसले, आणि या वेळी लोकांकडे नाही, पाण्याकडे पाहत राहिले. बराच वेळ पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. कुणीही झाडाकडे बघून पाणी घालत नव्हतं. सगळे दगडांच्या कड्यात घालत होते. जिथे एका झाडाचे दगड पावसात सरकून हातभर बाजूला गेले होते, तिथे लोक खोड सोडून त्या सरकलेल्या कड्यात ओतत होते. खोडापासून हातभर लांब. न चुकता.

मी धावत शेडमध्ये गेले. "कडं हलवायचं!"

"कसलं कडं?"

"दगडांचं. पाणी थांबवायचं नाही. पाण्याला चालवायचं!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोन्या एल्विराच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिने हातमोजे उचलले. "नॉर्बर्ट, ट्रक काढ."

त्या दुपारी आम्ही प्रत्येक खोडाभोवतीचे दगड उचलले. बुंध्याजवळच्या खळग्यात लाकडाचा भुगा भरला, वर काटेरी डहाळ्या पसरल्या, म्हणजे कुणी जवळ जाणार नाही. आणि फांद्यांच्या सावलीच्या कडेला, जिथे आमची नळी होती तिथे, नवा खळगा करून त्याभोवती तेच जुने दगड लावले. नॉर्बर्टने कंबर सरळ केली. "म्हणजे आपण झाडाला गाजर दाखवतोय."

"हो."

"आणि ते पोचलं की गाजर पुढे सरकवायचं."

"हो."

"माझ्या पहिल्या बायकोने माझ्यावर हाच प्रयोग केला होता," तो म्हणाला. "मी पार फिनिक्स शहरापर्यंत पोचलो."

दुसऱ्या दिवशी तास सुटला. पहिली मुलगी आली, खोडाशी थबकली, काटे पाहिले, इकडेतिकडे पाहिलं, कडं सापडलं, आणि तिथे गेली. तिच्यामागचा मुलगा तिच्यामागे गेला. प्राध्यापकांनी बर्फ कड्यात ओतला. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मग दर महिन्याला कडी एकेक पाऊल बाहेर सरकू लागली. थंडीत थोडी, वसंतात जास्त. फेब्रुवारीत वनस्पतिशास्त्राच्या पोरांना कळलं आणि त्यांनी विचारलं की सरकवायला आम्ही येऊ का. मार्चमध्ये कडी सरकवायच्या दिवशी एक गिटारवाला आला. एप्रिलमध्ये कुणीतरी घरून तमाली, मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या पुरचुंड्या, करून आणल्या. प्रत्येक झाडाचं कडं वेगळ्या वेगाने पुढे जात होतं, आणि पोरं आपापल्या झाडाच्या बाजूने भांडत होती. "तुमचं आळशी आहे!" "आमचं विचार करून चालतं!" तिरक्या झाडाला सगळ्यांनी 'तिरकी' असं नावच देऊन टाकलं होतं. ते पडलेल्या झाडाच्या शेजारचं, पोलादी खांबाच्या दिशेने झुकलेलं, आणि त्याच्या कड्याला सगळ्यात जास्त पाणी मिळत होतं, कारण झुकलेल्याची सगळ्यांनाच दया येते.

मे महिन्यात मी हवेच्या बंदुकीने तिरकीच्या एका बाजूला अरुंद चर उडवला. मनगटाएवढं जाड मूळ, बुंध्यापासून निघून, सरळ, कड्याच्या खालून, त्याच्याही पलीकडे ग्रंथालयाच्या दिशेने गेलेलं होतं. त्याचं टोक मला सापडलं नाही. इतकं बरं वाटलं की मी त्या चरात तशीच बसून राहिले. पण ती एक बाजू होती. बाकी बाजूंना काय आहे हे मला माहीत नव्हतं, आणि सगळं उकरून पाहायचं तर जे वाचवायचं तेच मोडलं असतं.

*

जूनची सकाळ. ऊन अजून चौकात उतरलेलं नव्हतं, तरी फरशी कोमट होती. झाडांवर पिवळ्या शेंगांचे घोस लोंबत होते. शेंगा वादळांच्या आधी उतरवायच्या असतात, एकदा पाणी लागलं की बुरशी धरते. यंदा इतक्या लागल्या होत्या की नॉर्बर्ट त्या तोडून खिशात भरत होता आणि अधूनमधून एक चघळत होता.

तपासणीसाठी फिनिक्सहून कोरा लिंडक्विस्ट आली होती. पन्नाशीची, टोपीवर टोपी घातलेली, कुणाच्याच बाजूची नसलेली. तिने पेट्या उघडल्या. तार गुंडाळून ओढणारी एक विंच, एक पोलादी तार, ताण मोजणारं यंत्र, आणि काडेपेटीएवढे दोन कलमापक.

"कोणतं?" तिने विचारलं.

डेलनी क्षणभरही विचार केला नाही. "ते तिरकं."

मला माहीत होतं ते तेच निवडतील. त्यांच्या जागी मीही तेच निवडलं असतं.

"कुठल्या बाजूला ओढायचं?" डेलनी विचारलं.

"ज्या बाजूला झुकलंय त्या बाजूला," कोरा म्हणाली. "त्याला पडायचं असेल तर ते तिकडेच पडेल. तार बांधायला मजबूत आधार लागेल. तिकडचं दुसरं झाड चालेल."

"झाड नको," डेल म्हणाले. "ज्यांच्यावर संशय त्यांनाच साक्षीला कसं बोलवायचं?"

"माझा ट्रक?" नॉर्बर्ट म्हणाला.

कोराने ट्रककडे पाहिलं. "त्याची तपासणी वेगळी करावी लागेल."

"मग हा खांब आहे की," डेल म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "पोलाद. काँक्रीटमध्ये बसवलेला."

तार तिरकीच्या खोडावर उंच बांधली गेली, दुसरं टोक खांबाच्या बुडाशी. कोराने एक कलमापक तिरकीच्या बुंध्याला लावला. दुसरा तिच्या हातात राहिला, तो मी मागून घेतला.

"कुठे लावतेस?" डेलनी विचारलं.

"खांबाला. नुसती उत्सुकता."

एव्हाना चौकात गर्दी झाली होती. उन्हाळी वर्गाची पोरं, ग्रंथालयातली माणसं, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. सगळ्यांच्या हातात बाटल्या. दोन्या एल्विरा झाडाकडे पाठ करून उभी राहिली. "मी बघत नाही. मला आकडे सांगा फक्त."

विंच कुरकुरली. तार सैल होती ती ताठ झाली, मग सतारीच्या तारेसारखी सरळ. शेंगा थरथरल्या.

"पाच शतांश अंश," कोरा म्हणाली. "ताण एक चतुर्थांश."

कुरकुर.

"दहा शतांश. ताण निम्मा."

"पंचवीस झाले की संपलं ना?" दोन्या एल्विराने पाठमोरीच विचारलं.

"हो."

"दहाच्या पुढे काय आहे ते सांग."

"तेरा."

कोराने आणखी ओढलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने यंत्र टिचकीने वाजवून पाहिलं, पुन्हा ओढलं.

"काय झालं?" डेल म्हणाले.

"ताण वाढत नाहीये. मी ओढतेय, आणि ताण कमी होतोय."

"झाड येतंय?" डेलचा आवाज एकदम चढला. "मागे व्हा सगळे!"

"झाड येत नाहीये," कोरा म्हणाली. "झाड अकरावर गेलंय. ते परत सरळ होतंय."

"मग तार कुठून येतेय?"

त्या प्रश्नाचं उत्तर नॉर्बर्टने दिलं. तोंडातली शेंग काढून त्याने ती बोटासारखी रोखली. सगळ्यांची डोकी एकदम वळली.

खांब वाकून नमस्कार करत होता. त्याच्या बुडाचा काँक्रीटचा गोळा भुसभुशीत मातीतून, बुजवलेल्या त्याच जुन्या खड्ड्यातून, हळूहळू वर येत होता, आणि त्याला बांधलेली कुणाची तरी सायकल मागचं चाक उचलून त्याच्याबरोबर निघाली होती.

"खांबाचा आकडा सांग, शास्त्रज्ञ," नॉर्बर्ट म्हणाला.

मी यंत्राकडे पाहिलं. "सहा."

"सहा शतांश?"

"सहा अंश."

आधी एक मुलगी हसली. मग सगळा चौक. प्राध्यापकांच्या हातातला पेला सांडला. दोन्या एल्विराने वळून पाहिलं, दोन्ही हात तोंडावर ठेवले, आणि तिचे खांदे हलायला लागले.

पण कोरा हसली नाही. "तपासणी पूर्ण झालेली नाही," ती म्हणाली. "पूर्ण ताण आलाच नाही. मला खराखुरा आधार पाहिजे."

तिचं बरोबर होतं, आणि मलाही तेच हवं होतं. खांब नापास झाला म्हणून झाड पास होत नाही.

डेलनी इकडेतिकडे पाहिलं. ट्रक पाहिला. वाकलेला खांब पाहिला. मग त्या खांबाच्या पलीकडच्या मेस्कीटकडे त्यांची नजर गेली, आणि तिथेच थांबली. ते त्या झाडापर्यंत चालत गेले. खोडाला हात लावला. एकदा खांद्याने रेटूनही पाहिलं, जरा ओशाळून.

"याला बांधा," ते म्हणाले.

"संशयिताला?" दोन्या एल्विरा म्हणाली.

"एल्विरा, आता बोलू नका हो. बांधा."

तार सुटली, पुन्हा बांधली गेली. या वेळी दोन्या एल्विरा पाठ करून उभी राहिली नाही. ती माझ्याजवळ आली आणि तिने माझा दंड धरला. तिची बोटं फांदीसारखी टणक आहेत.

निम्मा ताण. अकरा. तीन चतुर्थांश. चौदा. तार गुणगुणायला लागली. एक शेंग तुटून खाली पडली आणि सगळे दचकले.

"सोळा," कोरा म्हणाली. "पूर्ण ताण. वादळाइतका." तिने वाट पाहिली. आम्ही सगळ्यांनी पाहिली. "सोळा. अजूनही सोळा. धरून आहे." मग तिने माझ्याकडच्या यंत्राकडे मान वळवली. तेही आता दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला होतं.

"दोन शतांश," मी म्हणाले.

कोराने टोप्यांपैकी वरची टोपी काढली. "दोन्ही पास. एका तारेत दोन झाडं मी आजवर तपासली नव्हती."

नंतर जे झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. आरडाओरडा. नॉर्बर्टने शेंगा अक्षतांसारख्या उधळल्या. दोन्या एल्विराने माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा इतक्या जोरात मुका घेतला की माझी टोपी मागे पडली. "मिहा," ती म्हणत होती, "अगं मिहा, अंबाडा सोडला गं तिने! केस मोकळे सोडले!"

*

खांब त्याच दुपारी निघाला. ओढून काढायला फारसा जोर लागलाच नाही. सायकलीचा मालक सापडला आणि सायकल शाबूत निघाली. खड्डा मात्र पुन्हा उघडा पडला.

नॉर्बर्टने शेडच्या मागून एक रोप आणलं. तिरकीच्याच शेंगेतलं, मागच्या वर्षी त्याने दुधाच्या डब्यात रुजवलेलं. आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. "मी हरण्याची तयारी ठेवली होती," तो म्हणाला, चेहरा न हलवता.

डेलनी फावडं मागितलं. उन्हात त्यांचा लाल चेहरा आणखी लाल झाला, पण त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रोप लावलं. माती दाबली. मग ते पलीकडे तिरकीच्या सावलीत आले, फरशीवर बसले, पाठ तिच्या खोडाला टेकवली, आणि वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"माझ्या बायकोला फोन करायला हवा," ते म्हणाले.

बोलून झाल्यावर ते उठले. पेल्यात थोडा चहा आणि बर्फाचे दोन तुकडे उरले होते. त्यांनी पेला पाहिला, नव्या रोपाकडे गेले आणि वाकले.

"ओ, डेल!" दोन्या एल्विरा चौकाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली. "तिथे नाही!"

डेल थांबले. "इतकुसं आहे हो ते."

"म्हणूनच. पुढे व्हा."

ते एक पाऊल पुढे झाले.

"आणखी पुढे."

आणखी एक पाऊल. सगळी पोरं बघत होती.

"अहो, अजून पुढे! दगड दिसत नाहीत का?"

डेलना दगड दिसले. रोपापासून चांगले लांब, उन्हात, नव्याने मांडलेले, आत कोरडा खळगा. त्यांनी एकदा त्या काडीएवढ्या रोपाकडे पाहिलं, एकदा कड्याकडे, आणि मग पेला उपडा केला.